पट्ट्याचं फूल आणि दोन जावा

आफ्रिकन व्हायोलेटचं रोप पानापासून करायचं, हे आमच्या धंद्यात इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यावरून एखाद्या घरात अबोला धरला जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत अभिवृद्धीचं काम बघते. बी, कलमं, फुटवे, पानं, जे काही रुजवायचं ते माझ्या हाताखालून जातं. व्हायोलेटना मात्र नर्सरीची उघडी शेड सोसत नाही, पुण्याचा एप्रिल तर अजिबातच नाही. त्यांच्यासाठी ऑफिसमागची उत्तरेकडची खोली आहे. तिथे लोखंडी रॅक, प्रत्येक फळीला एलईडीच्या पट्ट्या, टायमरवर बारा तास उजेड, आणि उन्हाळ्यात दुपारी एसी. थंडी-ऊन दोन्ही टाळून पारा वीस ते पंचवीसच्या मध्ये राहिला की ही झाडं वर्षभर फुलतात.

गणपती आठवड्यावर आले होते. नर्सरीत सगळी धावपळ झेंडू-शेवंतीची, माझ्या खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. दुपारी दोन बायका आल्या. एकीच्या हातात केकचा खोका, दुसरीच्या हातात कापडी पिशवी. दोघी एकाच रिक्षातून उतरल्या होत्या, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या. धाकटीने खोक्यातून कुंडी काढून टेबलावर ठेवली, थोरलीच्या पिशवीतली कुंडी तिच्या शेजारी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, बाकी काही नको. ही दोन झाडं एकाच झाडाची आहेत का, एवढंच सांगा."

त्या सख्ख्या जावा होत्या. थोरलीच्या झाडाला फुलं होती पांढरी, आणि प्रत्येक पाकळीच्या मधोमध बुडापासून टोकापर्यंत गडद निळा पट्टा. रंग पसरलेला नाही, शिंतोडे नाहीत, आखून काढल्यासारखा पट्टा. बंगळूरहून आणलेलं झाड, किंमतही चांगली मोजलेली. धाकटीने आदल्या वर्षी त्याची दोन पानं मागून नेली, नीट रुजवली, पिल्लं वेगळी केली, वाढवली. श्रावणात पहिली कळी उमलली ती सपाट निळी. पांढऱ्याचा मागमूस नाही. दुसऱ्या पिल्लालाही तेच.

थोरलीच्या खिडकीत दहा-बारा व्हायोलेट आहेत, त्यात निळंही एक होतं. धाकटीने हिशोब मांडला तो सरळ होता: चांगलं झाड आपल्याकडेच राहावं म्हणून ताईंनी निळ्याचं पान तोडून दिलं. मंगळागौरीला चार बायकांसमोर ती ते बोलून गेली. "द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, मी काय मागे लागले असते का?" थोरलीने तेव्हाही उत्तर दिलं नव्हतं आणि माझ्यासमोरही फार बोलली नाही. "त्याच कुंडीतलं पान दिलं हो. माझ्या हाताने तोडलं." गणपती थोरल्यांकडे बसतात, आणि धाकटी यायचं नाही म्हणून बसली होती. शेवटी घरातल्या कुणीतरी सुचवलं की रोपांच्या माणसालाच विचारा.

मी आधी धाकटीचं झाड हातात घेतलं. झाड उत्तम होतं. पानं चहूबाजूंनी सारखी, मध्यावर पाणी साचलेलं नाही, पानावर गार पाण्याचे पिवळट डाग नाहीत, बुडाशी फुटव्यांची गर्दी नाही. कुंडी लहान आणि मिश्रण भुसभुशीत. मग दोन्ही झाडांची पानं उलटी करून भिंग लावलं. पाठीवरची लाली, कडेची दातरी, लव, सगळं जुळत होतं. पण नुसत्या पानावरून मी शपथ घेतली नसती, कारण पानं जुळणारे वाण खूप असतात. मला खात्री दिली ती थोरलीच्या फुलाने. ते फूल बघितल्याबरोबर मला कळलं होतं की त्याच्या पानातून पट्टा येणं जवळपास अशक्यच होतं. म्हणजे धाकटीचं फूल सपाट आलं एवढ्यावरून थोरली खोटं बोलली असं ठरत नव्हतं.

असं फूल येणाऱ्या झाडाला आम्ही कायमेरा म्हणतो. झाडाच्या शेंड्यात पेशींचे थर एकावर एक असतात. एरवी सगळे थर एकाच गुणाचे. कायमेरामध्ये बाहेरचा थर एका गुणाचा आणि आतला दुसऱ्या. दोन्ही थर आपापली जागा न सोडता वाढत राहिले तरच पाकळीच्या मध्ये एक रंग आणि कडेला दुसरा उमटतो. आता पान खोचल्यावर काय होतं? पिल्लं शेंड्यातून येत नाहीत, पानाला शेंडा नसतोच. देठ जिथे कापला तिथल्या सालीतल्या मोजक्या पेशी नव्याने जाग्या होतात, बरेचदा एकाच पेशीतून अख्खं पिल्लू उभं राहतं. ती पेशी ज्या थराची, त्याच गुणाचं ते सगळं झाड.

हे मी दोघींना सांगितलं तेव्हा धाकटीच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तिला पटत नाहीये. मग मी तिच्या ब्लाउजकडे बोट दाखवलं. म्हटलं, वर कापड एक, आत अस्तर दुसरं. वरच्या कापडाचा तुकडा घेऊन तुम्ही नवा ब्लाउज शिवलात तर अस्तर त्यात कुठून येणार? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सगळे तर पानानेच करतात."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. या झाडाचा सगळा प्रसार पानाच्या जिवावर झाला आहे. 1892 साली जर्मन अधिकारी वाल्टर फॉन सेंट पॉल याने आजच्या टांझानियातल्या उसांबारा डोंगरांच्या भागातून हे झाड जर्मनीत वडिलांकडे धाडलं. हेरेनहाउझेनच्या बागेतल्या हेर्मान वेंडलांड यांनी पुढच्या वर्षी त्या घराण्याच्या नावावरून त्याला सेंटपॉलिया नाव दिलं. 1926 च्या सुमारास लॉस एंजेलिसमधल्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने युरोपातून बी मागवून रोपं केली, त्यातले दहा वाण निवडले, आणि तिथून पुढे हे झाड पानांवरून घरोघर गेलं. पाकिटातून पान धाडायचं, मिळालेल्याने ते खोचायचं. बहुतेक वाण पानातून हुबेहूब येतात. पाकळीला पांढरी किनार असलेले येतात, पानांवर पांढरट छटा असलेले येतात, शिंतोड्यांचे बऱ्याच वेळा येतात आणि मधूनच एखादं सपाट निघतं. फसगत होते ती या मधल्या पट्ट्याच्या वाणात. म्हणूनच पट्ट्याच्या फुलाचा फोटो दाखवून त्याचं नुसतं पान महाग विकलं जातं तेव्हा मला फार राग येतो. घेणारा सात-आठ महिने जीव लावून झाड वाढवतो, आणि फूल आलं की विकणाऱ्यावर तरी संशय घेतो, नाहीतर स्वतःच्या हातावर.

धाकटीने मग रोखठोक विचारलं, "हे सिद्ध करून दाखवाल?"

मला तो प्रश्न आवडला. म्हटलं, दाखवते, पण वेळ लागेल. आणि पान तुम्ही स्वतः निवडायचं.

तिने निवडलं. मी फक्त इतकंच सांगितलं की अगदी खालचं म्हातारं पान नको आणि मधलं कोवळंही नको, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतलं घ्या. तिने पट्ट्याच्या झाडाचं पान बाजूला वाकवून बुडाशी कट्कन मोडलं. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या ब्लेडने मी देठ अडीच-तीन सेंटिमीटर ठेवून तिरका कापला. कापाचं तोंड पानाच्या वरच्या बाजूला येईल असा, म्हणजे पिल्लं पुढच्या बाजूने मोकळी वर येतात. पानाचा वरचा तिसरा हिस्सा सरळ कापून टाकला. ते बघून थोरली हळहळली, पण तसं केलं नाही तर पान स्वतःच वाढत बसतं आणि पिल्लांना उशीर होतो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि परलाइट म्हणजे हलके पांढरे खडे, दोन्ही निम्मं-निम्मं, हाताने दाबल्यावर थेंब न गळेल इतपत ओलं. त्यात पान खोचून झाकणाच्या डब्यात ठेवलं. लेबलवर तारीख टाकली आणि धाकटीला म्हटलं, सही करा. तिने खरंच पूर्ण नाव लिहून सही केली.

मग खरं काम. पट्टा हवा तर झाडाचा असा भाग पाहिजे जिथे शेंडा आधीच घडलेला आहे आणि थर जागच्या जागी आहेत. बुडाचा फुटवा असता तर प्रश्नच मिटला असता, पण थोरलीचं झाड एकबुंधी होतं. मधला शेंडा खुडून फुटवे काढता येतात, पण गणपतीच्या तोंडावर तिच्या फुललेल्या झाडाचा शेंडा खुडायला माझं मन होईना. राहिला फुलाचा दांडा.

दोघींना जवळ बोलावून मी दांडा भिंगाखाली धरला. फुलांच्या झुबक्याच्या खाली, जिथे दांडा फाटतो तिथे, समोरासमोर दोन चिमुकली हिरवी पानं असतात. तीन-चार मिलिमीटरची, लवेने भरलेली. एरवी कुणाचं लक्षही जात नाही. प्रत्येकाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. तो फुटला तर तो शेंडाच, थरांसकट. ज्या दांड्यांवर ही पानं जरा मोठी होती तेवढेच मी निवडले. वरची फुलं काढून टाकली, पानांखाली दोनेक सेंटिमीटर दांडा ठेवला आणि पानं मिश्रणाला जेमतेम टेकतील इतकंच खोचलं. फुलं टेबलावर पडली ती थोरलीने उचलून रुमालात घेतली. मी आधीच बजावलं की यात यश कमी. दांडा सडतो, नाहीतर महिनोन्महिने हिरवा राहून काहीच करत नाही. जे जगेल ते धाकटीचं, असं थोरलीनेच सांगितलं.

निघताना धाकटीने तिच्या निळ्या झाडाचा खोका उचलला, मग थोरलीची पिशवीही तिनेच घेतली. बोलणं काही झालं नाही. गौरी दोघींनी मिळून बसवल्या हे मला नंतर फोनवर कळलं.

पानाचं पुढे जे व्हायचं तेच झालं. महिन्याभरात मुळं, दिवाळीनंतर बुडाशी हिरवे ठिपके, मग नखाएवढ्या पानांची पिल्लं. ती वेगळी करून कपात लावली. दांड्यांनी मात्र माझी झोप उडवली. रोज सकाळी आल्या आल्या तो डबा आधी बघायचा. काही दांडे तपकिरी पडले, काढून टाकले. बुरशी पसरू नये म्हणून डब्याचं झाकण थोडं उघडं, पण तेवढ्याने हवा कोरडी होईल ही धास्ती. आमच्या कुंड्या भरणाऱ्या मावशीसुद्धा येता-जाता विचारायच्या, "उठला का गं तुझा?" आणि एका दांड्यावरचं डाव्या अंगाचं पान रुंद व्हायला लागलं. आधी मला भास वाटला. पट्टी लावून मोजलं, चार दिवसांनी पुन्हा मोजलं. वाढत होतं. त्याच्या बगलेतून लवेचा एक गोळा वर आला, त्यातून दोन पानं सुटली. पुढे त्याच डब्यातला आणखी एक दांडा फुटला.

एप्रिलमध्ये कळ्या आल्या. पानाची पिल्लं आधी उमलली, सगळी निळी. मी दोघींना बोलावून घेतलं. लेबलवरची सही धाकटीने स्वतः बघितली, मागेपुढे करून बघितली. मग दांड्याचं रोप समोर ठेवलं. एकच फूल पूर्ण उमललं होतं, पाच पाकळ्या, पाचही पट्टे. धाकटी थोरलीकडे वळून एवढंच म्हणाली, "ताई, मी मंगळागौरीला जे बोलले ना, ते तिथे होत्या त्या सगळ्यांना मी फोन करून सांगणार आहे." थोरली म्हणाली, "राहू दे गं." पण तिने फोन केले. त्यातल्या एकीने तर मलाच फोन करून खात्री करून घेतली, तेव्हा मला कळलं.

थोरलीने जाताना पानाच्या पिल्लांतलं एक निळं मागून घेतलं. तिच्या खिडकीतलं जुनं निळं आदल्या मे महिन्यातच बुडाशी सडून गेलं होतं, आणि पट्ट्याच्या झाडाचंच हे लेकरू म्हणून तिला ते हवं होतं.

परवा धाकटीचा फोन आला. तिच्या पट्ट्याच्या रोपाला बुडाशी फुटवा आलाय, काढू का? मी सांगितलं, चार-पाच पानं होऊ दे, सुयांनी बाजूची माती मोकळी करून तो मुळासकट निघतोय का बघा, नसेल तर नुसता कापून पानासारखाच डब्यात ठेवा. आणि कुणी त्याचं पान मागितलं तर देऊ नका, फुटव्यासाठी थांबायला सांगा.