काळ्या दगडातलं पिवळं

बोअरच्या चुऱ्यात पांढऱ्या गारेबरोबर पिवळे कण चमकले की आधी सुई घ्या. सोनं मऊ, त्यात टोक रुततं. हातोडीखाली ते चपटं होतं. पायराइट म्हणजे लोखंड-गंधकाचं, सोन्यासारखं दिसणारं खनिज; त्यावर सुईचा ओरखडाही उठत नाही, ठोकलं की भुगा होतो. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासल्यास त्याची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळीच.

सोलापुरात सोनं निघायची आशा धरू नये. आपला काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि त्यातल्या गारगोट्या पोकळ्यांत निवांत साचलेल्या. सोन्या-चांदीच्या उथळ शिरेला, म्हणजे खडकाच्या भेगेत भरलेल्या गारेच्या पट्टीला, वेगळी भट्टी लागते: 200-300 अंशांचं, गंधक मिसळलेलं पाणी भेगेतून वर येतं आणि दाब उतरताच उकळतं. गंधक वाफेबरोबर निसटलं की सोन्याला विरघळवून ठेवणारं काही उरत नाही, ते तिथेच बसतं. पात्यांसारखं कॅल्साइट (चुन्याचं खनिज) दिसलं तर इथे उकळी फुटली होती असं समजावं. चांदी मात्र अशा शिरेत बहुधा पांढरी नसतेच. गारेच्या पट्ट्यांमधली काजळीसारखी रेघ, ती चांदी-गंधकाची. नवखा माणूस नेमका तोच तुकडा फेकतो.

रायचूरच्या गाडीत खिडकीशी बसा. कलबुर्गीपर्यंत काळा दगड, मग शहाबादला आपल्या घरातली फरशी, यादगीरपुढे ग्रॅनाइटचे गोटे. त्याच रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. तिथले खडक 250 कोटी वर्षांहून जुने, आणि सोनं खूप खोलवर, दाबाने चिरडलेल्या पट्ट्यांत बसलेलं. वरची उकळीची गोष्ट तिथे लावू नका.

खरी शीर सापडलीच, तर सगळं बिघडतं ते नमुन्यात. चमकदार तुकडे वेचायचे नाहीत. शिरेला आडवी, सारख्या रुंदीची आणि खोलीची चर छिन्नीने काढा, निघालेला सगळा माल पिशवीत भरा. दोन्ही बाजूंच्या खडकाच्या पिशव्या वेगळ्या. प्रयोगशाळा तो दळून त्यातले साधारण 30 ग्रॅमच वितळवते. टनाला 5 ग्रॅम सोनं असेल तर या 30 ग्रॅममध्ये 0.15 मिलिग्रॅम येतं, म्हणजे पाव मिलिमीटरचा एकच कण, खसखशीहूनही बारीक! तो चिमटीत आला तर अहवालात 5, नाही आला तर शून्य. म्हणून सोनं भरड असेल तिथे 30 ग्रॅमवर भागत नाही; एक किलो माल चाळून, चाळणीवर राहिलेला भाग पूर्ण वेगळा तपासून घ्यावा.