नलगोंड्याचा पाऊस

आज सकाळपासून ठाण्यात पाऊस नुसता कोसळतोय. कपडे आणायला खाली गेले, तर इस्त्रीवाले काका निळ्या ताडपत्रीत साचलेलं पाणी काठीने ढकलत होते. भदाभद खाली आलं. म्हणाले, "ताई, एवढं पाणी आमच्याकडे पडलं असतं तर गाव कशाला सोडलं असतं?"

काका तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्याचे. तिकडे वर्षाचा पाऊस जेमतेम 700-750 मिलिमीटर, आपल्याकडे त्याच्या तिप्पट. तिकडचा पाऊस लहरीही, ऐन पेरणीनंतर पंधरा-पंधरा दिवस गायब. मे महिन्यात पारा 43-44 वर. खाली ग्रॅनाइट, पाणी मुरणार कुठे? बोअर खोल नेली की फ्लोराइड. काकांच्या थोरल्या भावाचे पाय त्यानेच वाकलेत.

आणि त्याच जिल्ह्यात, कृष्णेवरच्या नागार्जुनसागर जलाशयाजवळ, लंबापूर-पेद्दगट्टूला युरेनियमची खाण कित्येक वर्षांपासून प्रस्तावित आहे. हैदराबादसुद्धा कृष्णेचं हेच पाणी पितं! अशा कोरड्या, वाऱ्याच्या मुलखात खाणीची धूळ कुठवर जाईल? मला हे अजिबात पटत नाही.

काकांनी निखारे हलवले, कॉलरवर पाणी शिंपडलं. "बहिणीची विहीर तिकडेच आहे," एवढंच म्हणाले.