झाकली मूठ आणि पार्सइंट

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने काढली त्याच्या घरी संगणक नव्हता, तरी जावास्क्रिप्ट या प्रोग्राम लिहायच्या भाषेचा स्वभाव त्याने अचूक ओळखला होता. या भाषेत पार्सइंट नावाचं एक फंक्शन, म्हणजे नेमून दिलेलं काम करणारा तुकडा, आहे. त्याच्या हातात "१,२५,०००" ही स्ट्रिंग ठेवा आणि म्हणा, बाबा रे, याची संख्या करून दे. ते डावीकडून वाचायला लागतं. एक दिसला, घेतला. पुढे स्वल्पविराम आला. स्वल्पविराम काही अंक नव्हे. झालं, तिथेच थांबलं आणि उत्तर दिलं: १. मूठ उघडली आणि सव्वा लाखाचा रुपया झाला. लाल अक्षरं नाहीत, तक्रार नाही, साधी शंकासुद्धा नाही. (इथे अंक देवनागरीत छापले असले तरी जावास्क्रिप्टला ते इंग्रजीतच द्यावे लागतात. त्यातली गंमत पुढे येईलच.)

कीबोर्डवरून जे येतं ते संगणकाच्या लेखी सगळं अक्षरच असतं. तुम्ही ४०७ टाइप केलंत म्हणजे चारशे सात झाले असं नाही. चार, शून्य, सात अशी तीन चिन्हं ओळीने उभी राहिली, इतकंच. त्या ओळीला स्ट्रिंग म्हणायचं. तिची संख्या करण्याची रीत मात्र फार देखणी आहे. इंग्रजी शून्याचा सांकेतिक क्रमांक ४८, एकाचा ४९, असं करत नवाचा ५७. चाराचा ५२. त्यातून ४८ वजा केले की खरेखुरे चार हाती लागतात. मग पुढचं चिन्ह: आधी जमवलेल्याची दसपट करायची आणि नवा अंक मिळवायचा. दहा चोक चाळीस, त्यात शून्य, चाळीसच. चाळीसाची दसपट चारशे, त्यात सात. चारशे सात. तिसरीतल्या मुलालाही जमेल. घोळ होतो तो अंकांमुळे नाही, अंकांच्या आजूबाजूला माणसं जे लिहून ठेवतात त्यामुळे.

आणि तिथे प्रत्येक भाषेची तऱ्हा निराळी. पर्ल ही १९८७ साली लॅरी वॉल यांनी आणलेली भाषा, ती फारच मायाळू. "३ आंबे" यात ४ मिळव म्हटलं की ७ म्हणते, आंबे सोडून देते. नुसतं "आंबे" दिलं तर शून्य धरते, आणि ताकीद देण्याची सोय मुद्दाम चालू केली असेल तरच कुरकुरते. त्या कुरकुरीतूनही एका वाक्याला कायमची सूट आहे: "झीरो बट ट्रू". काही कामं नीट पार पडली तरी हाती शून्य येतं, आणि पर्लमध्ये शून्य म्हणजे खोटं. तेव्हा आकडा शून्यच राहावा पण उत्तर होकारार्थी धरलं जावं, यासाठी काढलेला हा तोडगा. पीएचपीत तर कितीतरी वर्षं शून्य आणि "आंबे" समसमान होते. तुलना कर म्हटलं की ती आधी आंब्यांची संख्या करायची, शून्य यायचं, आणि शून्य बरोबर शून्य. २०२० च्या नोव्हेंबरात आठवी आवृत्ती आली तेव्हा हे थांबलं.

जावास्क्रिप्टबद्दल बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभा केला. इतक्या घाईत लग्नाची आमंत्रणंही धड वाटून होत नाहीत. त्यामुळे "५" या स्ट्रिंगमधून ३ वजा केले तर २ येतात, पण "५" मध्ये ३ मिळवले तर "५३" येतात, कारण अधिकचं चिन्ह तिथे जोडायच्याही कामाला लावलेलं आहे. अडाण्यासारखं आहे, पण सवय होते.

सवय होत नाही ती दुसऱ्याच गोष्टीची. याच भाषेत नंबर नावाचं फंक्शन आहे. पार्सइंटपेक्षा ते कडक: "१,२५,०००" दिलं तर सरळ नान म्हणतं, म्हणजे 'नॉट अ नंबर'. (नानचा प्रकार विचारला तर उत्तर येतं 'नंबर'. असो.) पण याच कडक फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की ते शून्य देतं. फॉर्ममधली चौकट कोणी भरलीच नाही, तर भाषा परस्पर शून्य भरून मोकळी. शाळेतल्या बाई गुणपत्रक करताना परीक्षेला न आलेल्या मुलापुढे शून्य मांडत नाहीत, 'गै.ह.' लिहितात, आणि त्या दोन अक्षरांवरून स्टाफरूममध्ये भांडायची त्यांची तयारी असते. वर्गाची सरासरी काढताना कळतं का ते. सव्वा लाखाचा एक झाला तर निदान कोणीतरी बोंब मारतं. रिकाम्याचं शून्य झालेलं वर्षानुवर्षं कोणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून मला पायथन आवडते. खडूस आहे. "३ आंबे" दिलं की काम टाकून उभी राहते आणि व्हॅल्यूएरर म्हणून ओरडते. काय दिलं होतं तेही अवतरणचिन्हांत दाखवते. रिकाम्या स्ट्रिंगलाही तेच उत्तर. आगेमागे मोकळी जागा असेल तर तेवढी झाडून घेते. स्वल्पविराम चालत नाही, मात्र ३.६ आवृत्तीपासून अंकांमध्ये अंडरस्कोर चालतो, आणि तो हजारावर द्या की लाखावर, तिची हरकत नसते.

आणि एवढ्या खडूस भाषेला "४०७" हे देवनागरीत लिहून दिलं तर ती एका शब्दाने न बोलता चारशे सात करून देते! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात सांगायला गेलो. कोणाला काही वाटलं नाही. आतलं कारण साधं आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी व्यवस्था; तिच्या तक्त्यात देवनागरी शून्य २४०६ व्या जागी आहे, नऊ २४१५ व्या, आणि प्रत्येकापुढे त्याची किंमतही नोंदलेली आहे. पायथन तो तक्ता बघते, अंक इंग्रजी करून घेते आणि नेहमीच्या वाटेने जाते. जावास्क्रिप्टला हेच द्या: नान.

पण हे लाड स्ट्रिंगपुरतेच. प्रोग्राममध्ये 'किंमत' असं मराठी नाव चालतं; त्या किंमतीपुढे थेट ५० असं देवनागरीत लिहिलं की एरर. तेच ५० अवतरणात घालून संख्या करून घेतलं तर हरकत नाही, आणि छापायला सांगितलं की इंग्रजीत छापून येतात. शिवाय हा उदारपणा सगळ्या लिप्यांना सारखाच आहे. बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो आणि ओडिया दोन नवासारखा. ते दोन शेजारी ठेवले तर माणूस एकोणनव्वद वाचतो, पायथन बेचाळीस. युनिकोडच्या सुरक्षेविषयीच्या कागदांत हे उदाहरणच दिलेलं आहे.

जुन्या ब्राउझरांत सुरुवातीचं शून्य दिसलं की पार्सइंट संख्या अष्टमान, म्हणजे आठाच्या पटीत मोजलेली, धरायचं, आणि अष्टमानात आठ-नऊ हे अंकच नाहीत. म्हणजे तारखेतला महिना ०१ ते ०७ असेल तर सगळं सुरळीत, ०८ आणि ०९ आले की शून्य. ऑक्टोबरपासून पुन्हा ठीक. जावास्क्रिप्टच्या २००९ च्या प्रमाणकात हे बदललं, पण तोवर ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मलेल्यांनी ऑनलाइन फॉर्म कसे भरले असतील, देव जाणे.

अपूर्णांकांचं प्रकरण याहून अवघड. तिथे दशमान स्ट्रिंगला जवळात जवळची द्विमान, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिलेली, संख्या शोधायची असते: अंदाज करा, तपासा, सुधारा. २०११ च्या जानेवारीत असं उघड झालं की २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात ही एकच संख्या वाचायला दिली की काही यंत्रांवर पीएचपी अडकते. सुधारणा संपायचीच नाही. सर्व्हर गरगरत राहायचा. पुढच्याच महिन्यात जावा या (जावास्क्रिप्टहून वेगळ्या) भाषेतही तेच निघालं, फक्त शेवटचा अंक १ ऐवजी २. पायथनने २०२२ साली वेगळ्याच भीतीपोटी ४३०० अंकांची मर्यादा घातली, कारण लांबी दुप्पट झाली की वाचायला वेळ चौपट लागतो आणि कोणी लाखो अंक धाडून सर्व्हर बसवू शकतो.

आपल्याकडच्या कामाला एवढे अंक लागत नाहीत. आपल्याकडे आधी 'रु.' येतं, शेवटी कोणी शून्य वाढवू नये म्हणून '/-' येतं, आणि त्यावर 'फक्त' येतं. पतसंस्थेच्या याद्या ज्याने हाताळल्या आहेत त्याच्याकडे हे सगळं खरवडून काढणारं फंक्शन असतंच. माझ्याकडेही आहे, आणि चांगलं आहे. परवा त्याच्याकडे 'रु. अडीचशे फक्त' अशी नोंद आली. त्याने 'रु.' काढला, 'फक्त' काढलं, मधली जागा झाडली आणि 'अडीचशे' तेवढं पायथनच्या हातात दिलं.