एलएलएमला दोन वर्षांनी जायचंय? शिफारसपत्रं आत्ताच मागा

मिरामारच्या किंवा मडगावच्या लॉ कॉलेजातून एलएलबी, मग वकिलीची सनद, दोन वर्षं एखाद्या सिनियर वकिलाच्या चेंबरमध्ये काम आणि त्यानंतर परदेशात एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी. बेत उत्तम आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला तर दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा अनुभव लागतोच. अडतं ते शिफारसपत्रांपाशी. दोन वर्षांनी कॉलेजातले सर तुमचं नाव ओळखतील, पण डिझर्टेशनमध्ये (प्रबंधात) तुम्ही गोव्याच्या समान नागरी कायद्याबद्दल काय मांडलं होतं, ते त्यांना आठवणार नाही. मग पत्रात 'हुशार, मेहनती, वक्तशीर' एवढंच उरतं, आणि असं पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही.

म्हणून निकाल लागला की लगेच प्राध्यापकांना भेटा. सोबत मार्कशीट, डिझर्टेशन, मूट कोर्टाचं मेमोरियल (सराव खटल्याचा लेखी युक्तिवाद) आणि एका पानावर मुद्दे द्या: कोणता विषय त्यांच्याकडे शिकलात, काय लिहिलंत, वर्गात कोणत्या प्रश्नावर वाद झाला. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं बरेच जण म्हणतात. ते नम्रपणे टाळा. सगळी पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला भाषेवरून लगेच कळतं, आणि मग चांगल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. मुद्दे तुमचे, मत मात्र त्यांचंच हवं.

अमेरिकेसाठी सोय आहे. एलएसएसी या संस्थेच्या क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिसची (अर्जाची कागदपत्रं एकत्र ठेवून लॉ स्कूलना पाठवणाऱ्या सेवेची) नोंदणी पाच वर्षं चालते. प्राध्यापक पत्र तिथे थेट अपलोड करतात, तुम्ही पुढे ते हव्या त्या विद्यापीठाला जोडता. एक पथ्य पाळा: पत्रात एका विद्यापीठाचं नाव नको, नाहीतर ते दुसरीकडे चालणार नाही. अर्जाच्या वर्षी त्याच प्राध्यापकांकडून नवी तारीख आणि चेंबरमधल्या कामाबद्दल दोन ओळी घालून पत्र ताजं करून घ्या.

ब्रिटनमध्ये असं साठवून ठेवता येत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या अर्जात रेफरीचा, म्हणजे शिफारस देणाऱ्याचा, ईमेल भरायचा, लिंक थेट त्यांना जाते. कंत्राटी किंवा लेक्चर बेसिसवरचे प्राध्यापक कॉलेज सोडतात, कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि ती लिंक कुणालाच मिळत नाही. खाजगी ईमेल आणि मोबाईल आत्ताच घेऊन ठेवा. लिहिलेल्या पत्राची प्रत त्यांनी स्वतःजवळ जपावी, अशी विनंतीही करा. मधल्या काळात वर्षातून एकदा तरी काय चाललंय ते कळवत राहा.

चेंबरच्या सिनियरचं पत्र अवश्य घ्या, पण जोडीला. ऑक्सफर्डच्या बीसीएलला (तिथल्या कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) तीन शिफारसपत्रं लागतात आणि तिथे शैक्षणिक पत्रालाच वजन आहे. बहुतेक मुदती डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणून गणेश चवथ झाली की आठवण करा. पुढे सेमिस्टरच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी, मग कोर्टाची नाताळची सुट्टी. त्या दिवसांत सही मिळवायला धावपळ होते.