फोल्डर मोजणी: डिफर्डलिस्ट लावली तरी वेळ तेवढाच

तर मंडळी, मेल खात्याच्या प्रत्येक फोल्डरात न वाचलेले मेल किती ते मोजायचंय, पायथनच्या ट्विस्टेड लायब्ररीतला आयमॅप (सर्व्हरवरचे मेल बघायचा प्रोटोकॉल) क्लायंट वापरून. मागच्या वेळी ठरलं तसं एकेका फोल्डरसाठी थांबत बसणं काढून टाकलं, लिस्ट (फोल्डरांची यादी देणारी कमांड) मधून आलेल्या सगळ्या फोल्डरांना एका दमात स्टेटस (फोल्डरातले आकडे विचारणारी कमांड) सोडलं आणि सगळे डिफर्ड (नंतर येणाऱ्या उत्तराची जणू टोकनं) डिफर्डलिस्टमध्ये एकत्र गुंडाळले. कोड दिसायला झक्कास. वेळ मात्र पहिल्याइतकाच, सेकंदभरसुद्धा फरक नाही!

आधी संशय सर्व्हरवर. म्हणून क्लायंटच्या सेंडलाइन आणि लाइनरिसीव्ह्ड या दोन्ही मेथड ओव्हरराइड करून जाणारी-येणारी प्रत्येक ओळ छापली. तर 0004 टॅगचं (टॅग म्हणजे प्रत्येक कमांडचा ओळख-क्रमांक) स्टेटस गेलं, त्याचं ओके आलं, मग कुठे 0005 निघालं, त्याचं ओके, मग 0006... म्हणजे सर्व्हर बिचारा मोकळाच बसलाय, आपणच एकेक पाठवतोय. शेवटी ट्विस्टेडचा सोर्स उघडला (आयमॅपच्या बाबतीत त्यांचं डॉक्युमेंटेशन इतकं तुटपुंजं आहे की सोर्स हेच डॉक्युमेंटेशन समजायचं) आणि कमांड पाठवणाऱ्या सेंडकमांड मेथडमध्ये चोर सापडला: एक कमांड वेटिंगमध्ये असेल तर पुढची गुपचूप क्यूमध्ये जाते. डिफर्ड लगेच हातात मिळतो म्हणून वाटतं सगळं एकदम चाललंय, पण वायरवर एकावेळी एकच. प्रोटोकॉलला पाइपलाइनिंग (उत्तराची वाट न बघता पुढची कमांड पाठवणं) चालतं, टॅग त्यासाठीच तर आहेत, पण हा क्लायंट ते करत नाही.

त्यात नोसिलेक्टवाल्या (उघडता न येणाऱ्या) फोल्डरांचा वेगळा ताप. ते नुसते आईबाप फोल्डर, आत मेल नसतात, स्टेटस विचारलं की सर्व्हर नो म्हणतो. डिफर्डलिस्टचा कन्झ्यूमएरर्स हा पर्याय ट्रू केल्यावर लॉगमधला 'अनहँडल्ड एरर'चा धिंगाणा थांबला, आणि प्रत्येक निकालासोबत खरं-खोटं येतं त्यावरून ते गाळता आले. डिफर्डलिस्टऐवजी गॅदररिझल्ट्स (तिचाच सोपा भाऊ) वापरणाऱ्यांनो, तिथे पहिल्या एररलाच सगळं आडवं होतं.

आणि कुणीतरी विचारलं होतं की स्टेटसऐवजी एक्झामिन (फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडणारी कमांड) करून त्याच्या उत्तरातला अनसीन का घेत नाही. कारण आरएफसी 3501 मध्ये (आयमॅपचे नियम सांगणारा दस्तऐवज) तिथला अनसीन हा आकडा न वाचलेल्या मेलची संख्या नसून पहिल्या न वाचलेल्या मेलचा क्रमांक असतो! 40 दिसलं म्हणून 40 मेल बाकी असं मुळीच नाही.

आता तोडगा. तीन-चार कनेक्शनचा पूल करून फोल्डर वाटून द्यायचे असा प्लॅन होता, अर्धा लिहूनही झाला, पण प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आणि सर्व्हर एका खात्याला मोजकीच कनेक्शनं देतो. हे लिहिता लिहिता कॅपॅबिलिटीची ओळ (सर्व्हरला काय काय येतं ती यादी) परत बघितली तर त्यात लिस्ट-स्टेटस आहे की! आरएफसी 5819, 2010 सालचा. लिस्टलाच रिटर्न स्टेटस जोडायचं, एका कमांडमध्ये सगळ्या फोल्डरांचे आकडे, आणि नोसिलेक्टवाल्यांसाठी स्टेटसची ओळ येतच नाही, म्हणजे तोही ताप गेला. पूल रद्द.

ट्विस्टेडमध्ये याला तयार मेथड नाही, पण कमांड ऑब्जेक्ट स्वतः बनवून सेंडकमांडला दिला, वाँटरिस्पॉन्समध्ये (कोणती उत्तरं हवीत ते सांगणारा पर्याय) लिस्ट आणि स्टेटस दोन्ही टाकले, आणि एकाच टॅगखाली आकडे धडाधड आले, काय बरं वाटलं म्हणून सांगू. कच्च्या ओळी येत असल्यामुळे देवनागरी फोल्डरांची नावं मॉडिफाइड यूटीएफ-7 मधून (आयमॅप फोल्डरनावं ज्या सांकेतिक रूपात पाठवतो ते) आपणच सोडवायची, कोडेक ट्विस्टेडमध्येच आहे. ज्या सर्व्हरकडे लिस्ट-स्टेटस नाही तिथे जुनी डिफर्डलिस्ट राहील. पुढे आयडल (नवीन मेल आला की सर्व्हरनेच कळवायची सोय) लावायचंय, पण ते फक्त सिलेक्ट केलेल्या फोल्डरचंच कळवतं, त्यामुळे बाकीच्यांना अधूनमधून हीच कमांड. सिलेक्ट असलेल्या फोल्डरला स्टेटस विचारू नये असं 3501 म्हणतो, तेव्हा मोजणीचं कनेक्शन वेगळंच ठेवतो बहुतेक.