डिक्शनरीची नोंदवही: एकच शब्द दोन ओळींत कसा आला

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागून अडीच महिने झाले. व्हेरिएबल, इफ, लूप, लिस्ट इथवर मजल गेल्यावर गेले पाच आठवडे मी डिक्शनरी (एका नावाखाली एक माहिती, अशा जोड्या ठेवायची सोय) सोडून दुसरं काही हाताळलेलं नाही. काम स्वतःच ठरवून घेतलं: गेल्या ३ वर्षांच्या माझ्या रोजनिशीत कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजायचं. साधारण ४० हजार शब्द आहेत. निम्म्या नोंदी फोनवर टाइप केलेल्या, निम्म्या संगणकावर. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा गुंता तिथूनच सुरू झाला.

पहिला आठवडा

सुरुवात डिक्शनरीशिवाय केली, मुद्दाम. दोन लिस्ट घेतल्या, एकीत शब्द आणि दुसरीत त्यांचे आकडे. नवा शब्द आला की पहिल्या लिस्टमध्ये त्याची जागा शोधायची, दुसऱ्या लिस्टमध्ये त्याच जागेवरचा आकडा एकाने वाढवायचा. चाललं, पण रन केल्यावर काही सेकंद नुसतं बघत बसावं लागायचं. शिवाय एकदा एका लिस्टमधून शब्द काढला आणि दुसरीतून आकडा काढायला विसरले. तिथून पुढचा प्रत्येक शब्द शेजाऱ्याचा आकडा घेऊन बसला. एरर आली नाही, म्हणून ते दोन दिवस कळलंही नाही.

मग हे लिहिलं:

मोजणी = {}
मोजणी["घर"] = 1
मोजणी["घर"] = मोजणी["घर"] + 1

या तीन ओळी जशाच्या तशा चालतात. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. आकडे मात्र कोडमध्ये 1, 2 असेच लागतात, तिथे १ लिहिलं की सिंटॅक्स एरर. आणि तरीही इंट फंक्शनला अवतरणात "१२" दिलं तर ते बिनतक्रार बारा हा पूर्णांक परत करतं! रोजनिशीतल्या तारखा वाचताना याचा फार उपयोग झाला.

शब्द आणि त्याचा आकडा आता एकत्र बांधलेले आहेत, एकाला सोडून दुसरा सरकू शकत नाही. मला वेगापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. वेगही अर्थात वाढला. एंटर दाबेपर्यंत उत्तर हजर.

वेग कुठून येतो

हे समजून घ्यायला एक अख्खी संध्याकाळ दिली आणि ती सत्कारणी लागली. लिस्टमध्ये "घर" शोधायचा तर पायथन पहिल्या शब्दापासून एकेक ताडून बघत जातो. डिक्शनरीत जोडीतल्या नावाला की म्हणतात आणि त्याखालच्या माहितीला व्हॅल्यू. तिथे तो आधी "घर" या कीचा हॅश काढतो, म्हणजे त्या शब्दावरून एक पूर्णांक तयार करतो. त्या आकड्यावरून कोणत्या कप्प्यात बघायचं ते ठरतं. कप्प्यात जी की सापडते ती खरोखर हवी तीच आहे का, हे बरोबरीच्या खुणेने तपासलं जातं. म्हणजे दोन पायऱ्या: आधी हॅश, मग बरोबरी. ही दुसरी पायरी लक्षात ठेवा.

हॅश फंक्शन आपल्यालाही वापरता येतं. 1 चा हॅश 1, 2 चा 2. उणे एकचा मात्र उणे दोन येतो, कारण आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये उणे एक हा आकडा चूक झाल्याची खूण म्हणून राखून ठेवलाय. "घर"चा हॅश मी तीनदा प्रोग्राम चालवून पाहिला, तिन्ही वेळा वेगळा आला. घाबरायचं कारण नाही. आवृत्ती ३.३ पासून शब्दांचे हॅश दर वेळी मुद्दाम वेगळे काढले जातात, म्हणजे कोणी बाहेरून एकाच कप्प्यात जाणारा डेटा ठरवून पाठवू शकत नाही. एका रनमध्ये हॅश एकच राहतो, आणि डिक्शनरीला तेवढं पुरतं.

लिस्ट ही की का होऊ शकत नाही, तेही यातूनच उलगडलं. लिस्ट नंतर बदलता येते. आत ठेवल्यावर बदलली तर हॅश बदलणार, आणि मग ती आपल्याच कप्प्यात सापडायची नाही. म्हणून पायथन आधीच टाइप एरर देऊन अडवतो. टपल, म्हणजे न बदलता येणारी लिस्ट, चालतं (आतल्या गोष्टीही न बदलणाऱ्या असतील तर). मी वर्ष आणि महिना मिळून टपल केलं आणि तीच की ठेवली, छान काम झालं.

आणखी एक: 1, 1.0 आणि ट्रू या तिन्ही डिक्शनरीच्या लेखी एकच की आहेत. तिघांचा हॅश एक, आणि बरोबरीच्या तपासणीतही तिन्ही पास.

की एरर आणि गेट

सगळ्यांना भेटते ती मलाही भेटली. मोजणीत नसलेला शब्द चौकटी कंसात मागितला, तर की एरर. आधी इफ आणि इन घालून "शब्द आहे का" विचारत होते. मग गेट सापडलं: गेटला शब्द आणि सोबत 0 दिला तर शब्द असल्यास त्याचा आकडा मिळतो, नसल्यास 0. चार ओळींची एक ओळ झाली.

पण मग मी सगळीकडेच गेट वापरायला लागले, आणि माझ्या मते ती चूक होती. जिथे की असायलाच हवी तिथे चौकटी कंसच बरा. नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबतो, ओळीचा नंबर सांगतो आणि नसलेली कीसुद्धा दाखवतो. गेट ती चूक झाकून पुढे जातं. कलेक्शन्स मॉड्यूलमधला काउंटर तर ही सगळी मोजणी एका ओळीत करतो, पण तो मी चौथ्या आठवड्यापर्यंत हातात घेतला नाही. आधी स्वतःच्या हाताने मोजून बघायचं होतं.

तिसरा आठवडा: मजकुराचे तुकडे

स्प्लिट वापरून मजकूर मोकळ्या जागांवर तोडला. मोजणीत "घर", "घर." आणि "घर," अशा तीन वेगळ्या की आल्या. साहजिक आहे, बरोबरीची तपासणी विरामचिन्हांना सूट देत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत, वापरावं असं वाचलं होतं. शब्दातलं अक्षर ओळखणारा जो नेहमीचा नमुना सगळीकडे दिलेला असतो तो लावला, आणि "मराठी" या शब्दाचे "मर" आणि "ठ" असे दोन तुकडे झाले. काना आणि वेलांटी गायब! पायथनच्या या नमुन्याला अक्षरं आणि अंक कळतात. युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) मात्रा हे अक्षर नसून जोडचिन्ह आहे, त्यामुळे नमुना तिथे तुटतो. गंमत म्हणजे तोच "मराठी" शब्द व्हेरिएबलचं नाव म्हणून पायथनला पूर्ण मान्य आहे. शेवटी तो नाद सोडला, स्प्लिटवर परत आले आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं स्ट्रिपने काढली. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा असं मी सांगेन.

चौथा आठवडा: "दुसऱ्या"

आता मोजणी नीट येत होती. यादी आकड्यांनुसार उतरत्या क्रमाने लावली, आणि पहिल्या शंभरात हे दिसलं:

दुसऱ्या ६१
दुसर्‍या ४४

मी दोन्ही ओळी कितीतरी वेळा बघितल्या. विरामचिन्ह नाही, मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. डिक्शनरीत एक की दोनदा येऊच शकत नाही हे मला पक्कं माहीत होतं, त्यामुळे आधी लूपवर संशय घेतला, मग फाइल वाचण्यावर. दोन संध्याकाळी गेल्या.

मग हॅशनंतरची ती दुसरी पायरी आठवली. दोन्ही शब्द बरोबरीच्या खुणेने ताडून पाहिले: फॉल्स. लांबी मोजली: एकाची ७, दुसऱ्याची ८.

लिस्ट फंक्शनने दोन्ही फोडले. पहिला असा: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. दुसरा असा: द, उकार, स, साधा र, हलन्त, एक न दिसणारं चिन्ह, य, काना. त्या अदृश्य चिन्हाला युनिकोडमध्ये झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला स्वतःची रुंदी नसते, आधीचं अक्षर जोडरूपात दाखवायचं एवढंच ते सांगतं. आपला अर्धा र, तो आडव्या डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा, या दोन्ही मार्गांनी टाइप होतो. माझ्या फोनचा कीबोर्ड एक मार्ग घेत होता, संगणकाचा दुसरा. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. डिक्शनरीला स्क्रीन दिसत नाही, तिला फक्त चिन्हांची ओळ दिसते, आणि त्या दोन ओळी वेगळ्या होत्या.

तिसराही मार्ग असतो: साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. युनिकोडच्या नियमांनुसार हा ऱ शी समतुल्य आहे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझ फंक्शनला एनएफसी हा प्रकार दिला की र आणि नुक्ता मिळून एकच ऱ होतो. पण अदृश्य जॉइनरला एनएफसी हात लावत नाही, ते मी करून पाहिलं.

मग पहिला विचार आला की जॉइनर सरसकट पुसून टाकावा. बरं झालं, सगळ्या फाइलवर चालवण्याआधी चार शब्दांवर करून बघितलं. "दर्‍या" म्हणजे डोंगरांमधल्या, त्यातला जॉइनर पुसला आणि "दर्या" झाला, म्हणजे समुद्र! एका सहलीच्या नोंदीतल्या सगळ्या दऱ्या समुद्रात गेल्या असत्या. आधी दोन की वेगळ्या पडत होत्या, आता दोन निराळे शब्द एका कीखाली गेले असते, आणि ती चूक जास्त वाईट, कारण ती यादीत दिसतच नाही.

उपाय एका लहानशा डिक्शनरीनेच झाला. नाव "बदल". की म्हणून र, हलन्त आणि जॉइनर ही तीन चिन्हं, व्हॅल्यू म्हणून ऱ आणि हलन्त. आयटम्सवर, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांवर, लूप लावून प्रत्येक शब्दात रिप्लेस करायचं, मग एनएफसी, आणि त्यानंतरच मोजणीत टाकायचं. पुन्हा रन केलं:

दुसऱ्या १०५

६१ आणि ४४. बेरीज जुळल्यावर मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. "दुसऱ्या"सोबत "तिसऱ्या", "साऱ्या", "पायऱ्या", "करणाऱ्या" असे १९ शब्द एकत्र झाले.

किरकोळ, पण नोंदवायलाच हव्यात अशा

एकदाच आलेले शब्द काढून टाकायला मोजणीवरच लूप लावला आणि आत डिलीट केलं. रनटाइम एरर आली: लूप चालू असताना डिक्शनरीचा आकार बदलला. आधी कींची लिस्ट करून तिच्यावर लूप लावला की प्रश्न मिटतो. मी त्याऐवजी हव्या त्या शब्दांची नवी डिक्शनरी बनवते, वाचायला ते सोपं जातं.

जुनी = मोजणी असं लिहिलं म्हणजे प्रत झाली असं समजू नका. दोन्ही नावं एकाच डिक्शनरीची असतात. कॉपी वापरावी.

डिक्शनरीला क्रम नसतो असं जुन्या धड्यांमध्ये वाचाल. आवृत्ती ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ज्या क्रमाने की घातल्या त्याच क्रमाने त्या बाहेर येतील याची भाषेनेच हमी दिली आहे.

पाचवा आठवडा, सध्या

आकड्याच्या जागी आता तारखांची लिस्ट ठेवते आहे, म्हणजे कोणता शब्द कधी कधी आला ते कळेल. डिफॉल्टडिक्ट वापरलं, नव्या शब्दासाठी रिकामी लिस्ट आपोआप तयार होते. याचा एक खाचखळगा सापडला: त्यात नसलेला शब्द चौकटी कंसात नुसता विचारला तरी तो आत जाऊन बसतो. तपासायला म्हणून विचारलेले सात शब्द माझ्या यादीत रिकाम्या लिस्ट घेऊन बसले होते. तपासायचं तर इन वापरायचं.

आणि आता वर्णक्रम. सॉर्टेड फंक्शन युनिकोडच्या क्रमाने लावतं, तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर. त्यासाठी "क्रम" नावाची डिक्शनरी लिहायला घेतली आहे, प्रत्येक वर्णाला त्याचा क्रमांक. क ते ह भरून झाले, ळ ला जागा दिली. क्ष आणि ज्ञ अडले आहेत, कारण दिसायला ते एक अक्षर असले तरी आत तीन तीन चिन्हं आहेत, आणि माझा लूप एका वेळी एकच चिन्ह उचलतो. ते कोणी केलं असेल तर कसं केलं ते मला सांगा, मी आज रात्री पुन्हा बसणार आहे.