कुंपणावरची रुई आणि नळाजवळचा कढीपत्ता

शाळेच्या आठवणी लिहिताना सरांविषयी आणि स्नेहसंमेलनांविषयी बाकीचे लिहितीलच. मी आवारातल्या दोन झाडांविषयी आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या फुलपाखरांविषयी लिहितो. नाशिकमध्ये रुई पांडवलेणीच्या उतारापासून गोदाकाठापर्यंत कुठेही उगवते, आणि कढीपत्ता तर घरोघरी.

रुईच्या पानावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, की ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. रुईच्या चिकातलं हृदयावर परिणाम करणारं विष ती अंगात साठवते. ते फुलपाखरातही उतरतं. हे नारिंगी फुलपाखरू खाऊन पक्ष्याला उलटी झाली, की पुढे तो त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून कडवा निवांत, संथ उडतो. याचा फायदा उठवते छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी. तिची अळी घोळीच्या भाजीवर वाढते, अंगात विष नाही, पण पंख थेट कडव्याचे! खूण मागच्या पंखावर पाहा: कडव्याला मध्यभागी ३-४ काळे ठिपके, हिला वरच्या कडेला एकच. इंग्रज निसर्ग अभ्यासक हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून ही नक्कल उलगडली. ती चालते ती नकली थोडे आणि अस्सल भरपूर असतील तोवर. नकली वाढले, की पक्ष्याला पहिलाच घास चवदार मिळतो आणि तो त्या रंगाला भीक घालत नाही.

कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, शेवटची कात टाकल्यावर हिरवी होते आणि खोटे डोळे मिरवते. काडीने हलकेच डिवचा: डोक्यामागून फाटा फुटलेल्या शिंगासारखं लाल दुबेळकं बाहेर येतं, उग्र वास सुटतो. मुंग्यांवर हा उपाय चांगला चालतो.

वर्गात वाढवायची तर अळी हाताने उचलू नका, पानासकट फांदी कापा. देठाला ओला कापूस गुंडाळा. पाण्याची उघडी बाटली नको, अळी त्यात बुडते. बरणीला मलमल बांधा. घट्ट झाकणाने आत दव धरतं, विष्ठेला बुरशी येते आणि अळ्या पटापट मरतात, म्हणून तळाचा कागद रोज बदला. बाजारचा कढीपत्ता फवारलेला असू शकतो, तो घालू नका. एक उभी काडी ठेवा. कोष बहुधा तिलाच लागतो, हिरवा किंवा तपकिरी. फुलपाखरू बाहेर आल्यावर खाली पंख लोंबकळायला जागा हवी, नाहीतर ते चुरगळलेलेच वाळतात.